पाचारणाची चौकशी

साळव्यांच्या घरी चर्चमधून कुणी येणार म्हटलं की शालिनी आदल्या दिवशी लाडू वळायची. त्या रविवारी तिने चहाखेरीज काही करायचं नाही असं ठरवलं होतं, आणि चहासुद्धा बिनआल्याचा. येणारा माणूस तिच्या मुलाला घेऊन जायला येत होता. त्याला गोडधोड कशासाठी?

वरद सत्तावीस वर्षांचा. बडोद्यात गोरव्याच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये डाय म्हणजे साचे बनवतो. अठराव्या वर्षी तो फादर व्हायला सेमिनरीत गेला होता. तेव्हा शालिनीने बडोद्यातले झाडून सगळे ओळखीचे आणि श्रीरामपूरकडचे नातेवाईक जेवायला बोलावले होते. अडीच वर्षांनी पोरगा ट्रंक घेऊन परत आला. का आलास, हे घरात कुणी विचारलं नाही. बाहेर मात्र सगळ्यांनी विचारलं. "वहिनी, वरद सुट्टीवर का?" हा प्रश्न तिने वर्षभर झेलला. मग तो आयटीआयला गेला, नोकरीला लागला, चार मित्र जमले, आणि तिला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

आठ महिन्यांपूर्वी त्याचं ते देवाचं पाचारण पुन्हा सुरू झालं. पहाटे उठून प्रार्थना. महिन्यातून एका रविवारी कुठलीशी बैठक. परवा शुक्रवारी जेवताना म्हणाला, "आई, मला संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघात जायचंय. संसारी माणसांचा संघ आहे. घरी राहायचं, नोकरी करायची आणि त्यांच्या नियमाने जगायचं. धनाजीकाका रविवारी चौकशीला येतील."

"घरी राहायचं" हे तिने ऐकलं, पण विश्वास ठेवला नाही. मागच्या वेळीही असंच होतं. आधी एका रविवारचं शिबिर, मग मेची सुट्टी, मग ट्रंक.

"अगं, ऐकून तरी घे तो काय म्हणतोय," वरदचे वडील जयवंतराव म्हणाले.

"तुम्ही तेव्हाही हेच म्हणाला होतात."

धनाजीराव बरोबर अकराला आले. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, जाड भिंगांचा, बुटका माणूस. संघात नव्याने येणाऱ्यांना शिकवायचं काम त्यांच्याकडे. वरदला त्यांनीच बाहेर पाठवलं होतं. चौकशीच्या वेळी उमेदवार घरात नको, म्हणाले. चहाचा घोट घेऊन त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली.

"शालिनीबेन, सरळच विचारतो. वरद घरी कसा आहे?"

"कसा म्हणजे?"

"चर्चमध्ये सगळेच शहाणे असतात हो. घरी कसा?"

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही तर स्थळाची चौकशी! शेजारणीने एक वाकडा शब्द टाकला की जमलेलं लग्न मोडतं, तसंच हे. फक्त इथे शेजारीण तीच होती.

"तिरसट आहे," ती म्हणाली. "वडिलांशी धड बोलत नाही. एका घरात राहून दोघं आठवडा आठवडा गप्प. तिकडे कारखान्यात केसापेक्षा बारीक मापं काढतो, आणि माझ्या ओट्यावरचा नळ दोन महिने गळतोय. दर शनिवारी सरकारी दवाखान्यात परक्या आजाऱ्यांना भेटायला जातो, पण आईचा गुडघा दुखतोय का, हे कधी विचारत नाही."

जयवंतराव खोकले. "अगं, परवा तर त्यानेच तेल..."

"तुम्ही मध्ये बोलू नका."

धनाजीरावांनी सगळं शांतपणे लिहून घेतलं. "अजून काही?"

"अजून काय हवं? असला माणूस देवाच्या काय कामाचा?"

"बरोबर आहे. थांबवू या मग त्याला."

शालिनीच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. "कायमचं?"

"नाही हो. तीन महिने. नळ बसवू दे, बापाशी बोलू दे, मग परत बघू. आमच्यात घर पहिलं. मला तर दीड वर्ष लटकवलं होतं. सख्ख्या भावाशी माझं बोलणं नव्हतं, आणि चौकशीला आलेल्यांना माझ्या बायकोने ते सांगून टाकलं."

"तुमच्या बायकोने?"

"तिनेच. तीन पोरं आहेत मला. थोरला सावली गावात मास्तर आहे."

"म्हणजे तुम्हाला घरी राहू देतात?"

"राहू देतात?" धनाजीराव हसायला लागले. "बेन, घरीच राहावं लागतं. आम्ही फादर नाही की ब्रदर नाही. लग्न करतो, पाळीला जातो, भाजी आणतो. हा पोरगा कुठेही जाणार नाही. इथेच तुमच्या डोक्यावर बसणार आहे."

जयवंतराव इतके मोठ्याने हसले की त्यांना पुन्हा खोकला आला, या वेळी खरा. शालिनी आत गेली. आल्याचा तुकडा ठेचून तिने दुसरा चहा टाकला, आणि तो उकळेपर्यंत पदराने डोळे पुसत उभी राहिली.

माणूस गेल्यावर मात्र तिला कसंतरी व्हायला लागलं. आपण पोटच्या पोराच्या नावाला काळं फासलं, आणि कशासाठी, तर जी भीती नव्हतीच तिच्यासाठी. दुपारी वरद आला तेव्हा त्याच्या पानात पोळी वाढता वाढता तिने सांगून टाकलं.

"मी त्यांना तुझं वाईट सांगितलं. मुद्दाम."

वरदचा हात थांबला. "काय काय सांगितलंस?"

तिने एकेक करून सांगितलं. त्याने पोळीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "नळाचं खरंय. बाबांचंही खरंय. गुडघ्याचं खोटं."

"खोटंच."

"मग तेवढं काकांना तूच सांग."

तिने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून धनाजीराव म्हणाले, "साहेब खोकले तेव्हाच मला कळलं होतं. गुडघा मी खोडला आहे. बाकीचं राहू दे."

नळ दुसऱ्याच दिवशी बसला. बापाशी बोलणं काही वॉशर बदलण्याइतकं सोपं नव्हतं. दोन-चारदा दोघं गॅलरीत शेजारी बसले आणि पेपर वाचून उठले. महिना-दीड महिना गेला. मग एका संध्याकाळी जयवंतरावांनीच विचारलं, "तू तिकडून परत का आलास रे? कुणी काही बोललं होतं का तुला?"

शालिनी आत मेथी निवडत होती. तिचे हात जागच्या जागी थांबले.

"नाही बाबा. सगळे चांगलेच होते," वरद म्हणाला. "प्रार्थनेतही मन लागायचं. पण दिवसभर माझ्या हातांना काही काम नसायचं. आवारातला पाण्याचा पंप बिघडला की मला आनंद व्हायचा. मला वाटायचं, असं वाटणं हे पापच. मग वाटलं, नसेलही. पण तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार? सगळी भावकी जेवून गेली होती."

"जेवणाचं काय घेऊन बसलास," जयवंतराव म्हणाले. "मी तुझ्या वयाचा असताना मेकॅनिक व्हायचं म्हणून घरातून पळालो होतो."

"खरंच?"

"आईला विचार."

सात वर्षं तिला वाटत आलं होतं की तिकडे कुणीतरी तिच्या लेकराला नालायक ठरवलं. आणि हा पंपासाठी परत आला होता. मेथी तशीच टाकून ती बाहेर आली आणि त्या दोघांच्या मध्ये बसली.

तीन महिन्यांनी चर्चमागच्या छोट्या हॉलमध्ये वरदला संघात घेतलं. पंधरा-वीस माणसं होती, बरीचशी पांढऱ्या केसांची. त्याच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेला लाकडी क्रूस घातला. अजून निदान वर्षभर शिकायचं, मग जन्मभराचं वचन, असं धनाजीरावांनी समजावलं. शालिनीने डबाभर लाडू नेले होते. ते पुरले नाहीत.

सोमवारी कारखान्यात त्याची सकाळची पाळी होती. साडेतीनला तो भुकेला, घामेजलेला घरी आला आणि बूट काढता काढता फोरमनच्या नावाने शंख करू लागला. त्या बाबाने चुकीचं ड्रॉइंग दिलं होतं आणि सगळा दिवस वाया गेला होता. शालिनी त्याच्यासमोर बसून ते सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत राहिली.