प्रांजलीची मास्तरीण

टेंभुर्णीच्या ताराची शाळा आठवीतच सुटली होती. तिची मुलगी प्रांजली नववीत गेली आणि तिच्या मणक्याला टीबी निघाला. डॉक्टरांनी शाळा बंद करायला सांगितली. घरी येऊन शिकवायला कुणी तयार होईना, तेव्हा ताराच शिकवायला बसली.

बीजगणित तिला येत नव्हतं. स्वयंपाक उरकला की ती मोबाईलवर धड्याचा व्हिडिओ तीन-तीनदा पाहायची, गणितं स्वतः सोडवायची आणि दुपारी पोरीच्या पलंगाशेजारी बसून समजावायची. दोन वर्षांनी प्रांजलीनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. एक्क्याऐंशी टक्के पडले, आणि तोवर मणकाही बरा झाला.

पेढे वाटताना ताराचा नवरा ओमप्रकाश सांगत होता, "पोरीनं पडल्या पडल्या एकटीनं अभ्यास केला." प्रांजलीनं पुढच्या पाहुण्याला पेढा दिला.

पाहुणे गेल्यावर तारा म्हणाली, "औंदा मी बी सतरा नंबर भरते. सगळं येऊन राह्यलं मला."

ओमप्रकाश हसला. त्याचं तिला काही वाटलं नाही. पण प्रांजली म्हणाली, "आई, मी आता जालन्याला कॉलेजात जाणार. आई दहावीला बसली, असं मैत्रिणींना सांगू का? बिलकुल नको."

फॉर्मची तारीख निघून गेली.

दिवाळीआधी होस्टेलवरून प्रांजलीचा फोन आला. "अकरावीचं गणित कळून न्हाई राह्यलं. तू व्हिडिओ पाहून सांगशील?"

"मला न्हाई जमत," म्हणून तारानं फोन ठेवला. जमलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.