अम्माच्या नावाची हज

हजला जायचं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण हजवरचे ब्लॉग साधारण "लहानपणापासूनची आस" या शब्दांनी सुरू होतात आणि मग मला पुढे वाचवत नाही. माझी आस वगैरे काही नव्हती. मी भिवंडीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली सव्वीस वर्षं रक्त काढते. आस होती माझ्या अम्माची.

बाबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणीच आपल्या मोठ्या भावाबरोबर हज करून आले. अम्मा मागे राहिली, कारण आम्ही तीन मुलं लहान होतो. "पुढच्या वर्षी तू," असं बाबा म्हणाले. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. नंतर अर्ज भरले तर सोडतीत नंबर लागेना. शेवटी लागला तो नेमका कोरोनाच्या वर्षी, आणि यात्राच रद्द झाली. त्यानंतर अम्माच्या किडनीने दगा दिला. दोन वर्षांपूर्वी, वारण्याच्या आठ दिवस आधी, तिने माझा हात धरून सांगितलं, "शमीम, माझ्या नावाची हज तू कर." मी हो म्हटलं. बाबा पलीकडे खुर्चीत बसून ऐकत होते. त्यानंतर मी माहेरी गेले की त्यांचा एकच प्रश्न असायचा. "अर्ज भरलास?"

तर यंदा माझा आणि इकबालचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, नंबर लागला. तो स्वतःची हज करणार, मी अम्माची.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. अर्ज ऑनलाइन भरायचा, पासपोर्टची मुदत आधीच तपासा. सरकारी कोट्यातून मुंबईहून माणशी चार लाखांच्या आतबाहेर खर्च येतो, हप्त्यांत भरता येतो. फिटनेस सर्टिफिकेट आणि लसी लागतात. ट्रेनिंग कॅम्प चुकवू नका. मी दोनपैकी एक चुकवला, कारण लॅबमध्ये रजेवर कोणीतरी होतं. तो चुकवायला नको होता, हे पुढे कळेलच.

निघायच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे नुसता गोंधळ. हजला निघालेल्या माणसाने सगळ्यांची माफी मागायची असते, "बोललं-चाललं माफ करा" म्हणून. मी लॅबमधल्या शिपायापासून नणंदेपर्यंत सगळ्यांची मागितली. नणंद म्हणाली, "नक्की कशाबद्दल मागतेस ते सांग, मग बघते." लोक जेवायला बोलावतात, नाही म्हणता येत नाही, आणि प्रत्येक जण निघताना दुआंची यादी हातात देतो. मुलीचं लग्न, मुलाचा व्हिसा, सासूचा स्वभाव. मी वहीत नंबर घालून लिहून घेतलं.

जवळच्या वळ गावाहून सुमनमावशी आली. ही अम्माची चाळीस वर्षांची मैत्रीण. पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन आमच्याकडे मासळी विकायला यायची. आता तिच्या भातशेताच्या जागी गोदामं उभी आहेत आणि ती रिक्षाने येते. तिने सुक्या बोंबलाच्या चटणीचा डबा पुढे केला.

"मावशी, विमानात वास येईल गं."

"येऊ दे. तिथं काय मिलतं काय न्हाय. तुझी आय असती तर तिनी न्हेला असता."

तीन पिशव्यांत गुंडाळून डबा बॅगेत गेला. ईहरामात, म्हणजे हजची बंधनं पाळत असताना, अत्तर, वासाचा साबण, काही चालत नाही. बोंबिल चालतो, मी मुद्दाम विचारून घेतलं.

दुपारी दोनला घर सोडलं. फ्लाइट रात्रीची होती, पण अंजूरफाटा ते माणकोली नाका हे अंतर भिवंडीकर घड्याळात मोजत नाहीत, नशिबात मोजतात. कंटेनरमागे कंटेनर. गळ्यात फुलांचे हार घालून इकबाल एसी चालत नसलेल्या गाडीत दीड तास बसला होता, आणि शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "हाजीसाब, हमारे लिए भी दुआ!" मी वही काढून त्याचंही लिहून घेतलं. निघताना बाबा दारापर्यंत आले होते. "नाव नीट घे," एवढंच म्हणाले. मला वाटलं, अम्माचं नाव.

मक्केत आमची इमारत हरमपासून, म्हणजे काब्याच्या मशिदीपासून, बसने वीसेक मिनिटांवर होती. बायकांच्या खोल्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. एका खोलीत आम्ही चौघी. माझ्या शेजारच्या पलंगावर खातूनआपा, भिवंडीच्याच. त्यांच्या घरी पॉवरलूमचा धंदा. साठीची बाई, आवाज असा की लूम बंद झाले तरी ती लूम चालू असल्यासारखीच मोठ्याने बोलत राहते. मनाने मात्र सोनं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी चप्पल स्वतःच्या पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "यहाँ चप्पल और शौहर, दोनों को पकड़ के रखना." दोन दिवसांत इकबालची चप्पल हरवली. जाताना चपलांसाठी कापडी पिशवी न्या, विसरू नका.

काबा पाहिला. पहिल्यांदा नजर पडते तेव्हा मागितलेलं मिळतं म्हणतात, म्हणून मी अम्मासाठी मागितलं आणि पुढे सरकले, कारण मागून ढकलत होते. गर्दीबद्दल खोटं सांगणार नाही, ती अफाट असते. आणि उकाडा! भिवंडीचा मे महिना पाहिलेल्या माणसाला उकाड्याचं काय, अशी माझी मिजास होती. ती पहिल्या दुपारी उतरली. छत्री, पाण्याचा स्प्रे आणि ओआरएसची पाकिटं जवळ हवीतच. तवाफ, म्हणजे काब्याभोवतीच्या सात फेऱ्या, पहाटेच्या फजर नमाजनंतर लगेच करा किंवा वरच्या मजल्यावर करा. वर अंतर वाढतं, पण श्वास घेता येतो. जेवण म्हणाल तर कोंबडी-भात, भात-कोंबडी. चौथ्या दिवशी मी बोंबलाचा डबा उघडला. खोलीतल्या दोघी नाक दाबून बाहेर गेल्या, खातूनआपांनी मात्र खुबूस रोटीला लावून खाल्लं आणि विचारलं, "ये मावशी रहती कहाँ है?"

हजचे खरे पाच दिवस जवळ आले तसं मी आपांना विचारलं, अम्माच्या नावाची नीयत कशी करायची. नीयत म्हणजे सुरुवातीचा संकल्प. ही हज कोणाची, ते तिथे ठरतं.

"अम्मी का नाम लेके कर लो. हो जाएगा. मेरे जेठ ने अपने अब्बा की ऐसे ही की थी."

"त्यांनी स्वतःची आधी केली होती?"

"नहीं, पहली ही बार गए थे. मौलाना ने कहा, बेहतर तो नहीं है, पर हो जाती है."

झालं. जिल्हेज महिन्याच्या आठव्या तारखेला सकाळी आंघोळ केली, दोन रकात नमाज पढले, अम्माचं नाव घेऊन नीयत केली आणि मक्केजवळच्या मिनाच्या बसमध्ये बसले. मनावरचं मोठं ओझं उतरलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला बसमध्ये झोप लागली.

मिनाचा तंबू म्हणजे एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत अंथरलेल्या गाद्या. गादी इतकी अरुंद की कूस बदलायची तर शेजारणीला विचारून बदलायची. दुपारी पडद्यापलीकडून आमच्या तुकडीचे मौलाना प्रश्नांची उत्तरं देत होते. हे रायगडकडचे, कोकणी मुसलमान, आमच्यासारखेच मराठी बोलणारे. एका बाईने विचारलं, सासऱ्यांची हज मी पुढच्या वेळी करू शकते का? ते म्हणाले, "करा की. पण आपण शाफई. आपल्यात पहिली हज स्वतःचीच. कोणी पहिल्याच वेळी दुसऱ्याच्या नावाने नीयत केली, तरी ती त्याच्या स्वतःच्याच नावावर लागते."

मी उठून बसले.

बाहेरच्यांसाठी सांगते. भिवंडीत हनफी आहेत तसे आम्ही कोकणी शाफई आहोत. दोघांचा धर्म एक, नियमांत थोडे फरक. शहरात ते एरवी कुणाला जाणवतही नाहीत, दुपारनंतरच्या असर नमाजची अजान एका मशिदीत आधी होते आणि दुसरीत नंतर, एवढंच. मी जन्मभर दोन्ही ऐकत आले. आणि हजचा एवढा मोठा प्रश्न मी खातूनआपांना विचारला, त्या हनफी. त्यांनी त्यांचं बरोबरच सांगितलं होतं. चूक माझी, मी चुकवला त्या कॅम्पमध्ये हे सांगितलं असणार.

मी पडद्यापाशी गेले. "मौलाना, तवाफच्या गर्दीत पुरुषाचा धक्का लागला तर आपल्यात वजू तुटतं. तेव्हा तुम्हीच म्हणालात, अडचण आहे, हनफींचं मत घ्या. मग माझ्या आईच्या बाबतीत का नाही?"

वजू म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुऊन केलेली शुद्धी. मौलाना म्हणाले, "बेटी, ते आपल्या आलिमांनी अडचण बघून, विचार करून सांगितलंय. तुम्ही विचार करून निवडलं नव्हतं. तुम्हाला माहीतच नव्हतं. आणि आता ईहराम बांधून झालाय."

"म्हणजे आईची झाली नाही."

"तुमची होतेय. आईसाठी दुआ करा. तिची नंतर कधी करा."

लॅबमध्ये रक्ताच्या नळीवर दुसऱ्याचं नाव पडलं की मी मुलींना फैलावर घेते. इथे मी स्वतः ते केलं होतं, आणि तेही अम्माच्या बाबतीत. खूप राग आला, आधी स्वतःचा, मग इकबालचा. त्याला फोन केला तर म्हणाला, "मला वाटलं, तू कुणाला तरी विचारलं असशील." मी म्हटलं, "विचारलंच होतं!" आणि फोन ठेवला. खातूनआपांना कळल्यावर त्या रडायलाच लागल्या, तेव्हा त्यांचीच समजूत काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी अराफातचं मैदान. हजचा गाभा तोच. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत तिथे थांबून मागायचं. मी वही उघडली आणि एकेक नंबर वाचत गेले. मुलीचं लग्न, व्हिसा, सासूचा स्वभाव, ट्रकवाला. अम्मासाठी खूप वेळ मागितलं. यादी संपली तरी ऊन बाकी होतं. मग लक्षात आलं, वहीत माझं स्वतःचं काही नाही. हज माझी आणि मला मागायला काही सुचेना. लाज वाटली. शेवटी मी म्हटलं, या अल्लाह, मी तुझ्याकडे माझ्यासाठी आले नव्हते, तेवढं माफ कर. त्याहून जास्त काही जमलं नाही. पण तेवढं मनापासून होतं.

मुजदलिफाला उघड्यावर रात्र काढली, खडे गोळा केले, जमरातला, म्हणजे सैतानाच्या खांबांना, मारले, केस कापले, पुन्हा तवाफ केला. मुजदलिफासाठी पातळ चटई न्याच. तिथून पुढचे दिवस माझ्या डोक्यात एकच विचार होता, बाबांना काय सांगायचं. ते ब्याऐंशी वर्षांचे, दम्याचे. आपण अम्माला मागे ठेवून जाऊन आलो, ही बोच त्यांना किती वर्षं होती ते मला माहीत होतं. इकबाल म्हणाला, "हो म्हणून टाक ना. म्हाताऱ्याला बरं वाटेल." मला काही पटेना. हज करून आल्यावर पहिलं वाक्य खोटं बोलायचं?

आधी बाबांच्या घरी पोचलो तर दारात गर्दी, हार, झमझमच्या पवित्र पाण्यासाठी लोकांच्या हातात बाटल्या. सुमनमावशीने पहिलं काय विचारलं असेल तर डबा परत आणलास का. सगळे गेल्यावर बाबांनी मला जवळ बसवलं.

"झाली?"

"बाबा, अम्माची नाही झाली. नियम मला माहीत नव्हता. माझीच लागली."

ते जपमाळ फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हायती हाय."

"काय माहीत आहे?"

"पयली आपली करायला लागते. मी हाजी हाय, मला म्हायती नसंल? तुझ्या अम्मालाबी म्हायती होता."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितला असता तर तू गेली असतीस?"

नसते गेले. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. तरी मी भांडले. चांगली भांडले. दोन वर्षं मला मूर्ख बनवलं, मिनात मी तोंडावर पडले, एका बिचाऱ्या बाईला रडवलं, असं सगळं बोलले. आणि माझ्या घरी निघून आले.

काय उरलं, ते लिहायचं असतं शेवटी. पायाच्या टाचेला भेग उरलीय, आवाज अजून बसलेला आहे. फजरला जाग येते, आली की उठते. सरकारी कोट्यातून पुन्हा जाता येत नाही, म्हणून एका खासगी टूरवाल्याकडे चौकशी केली. खर्च दुपटीच्या आसपास, दोन-तीन वर्षं लागतील. पण आता अम्माच्या नावाने नीयत केली तर ती तिचीच लागेल. मला जायचंय का, असं मी स्वतःला विचारलं आणि उत्तर हो आलं. जरा नवलच वाटलं.

काल संध्याकाळी लॅबमधून थेट बाबांकडे गेले. ते एकटेच चहा पीत होते. मी समोर बसले आणि विचारलं, "अम्मा अजून काय म्हणाली होती?"

बाबांनी कप खाली ठेवला. "म्हणली, माझी ऱ्हायली ती ऱ्हायली, पोरीची ऱ्हायला नको. ती परत येईल तवा भांडंल. चार दिस बोलायची न्हाय. मंग सोता येऊन इचारंल."

मी दिवस मोजले. चारच झाले होते. मग मात्र मला रडू आवरेना. बाबांनी टेबलावरचा टॉवेल माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "ह्येबी म्हणली होती."