अकरा एकांचा आकडा

अंताजीपंत गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पुढच्या वर्षाच्या पंचांगासाठी ग्रहणं काढत बसलो होतो. लेखणी खाली ठेवली आणि... खरं सांगतो, रडू आलं नाही, थकवा आला. कसब्यात पंचांग करणारे आम्ही दोघे, एकाच गुरूंकडे शिकलेले. त्यांच्याइतका माझा जीव कुणी खाल्ला नसेल आणि आता तो खायला कुणी उरलं नाही, हेही सहन होत नाही.

जीव खाल्ला तो एका आकड्यापायी. ओळीनं अकरा एक लिहायचे. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लक्ष अकरा हजार एकशे अकरा. चार एकांना अकरानं भाग जातो, पाचांना एक्केचाळीसनं, सातांना दोनशे एकोणचाळीसनं. तीनपासून दहापर्यंत सगळे असेच फुटतात. "अकरा एक मात्र कशानंही फुटायचे नाहीत," असं पंत एकदा दक्षिणा घ्यायला जमलेल्या शास्त्र्यांपुढे बोलून बसले. कशावरून, याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. तेव्हापासून पाटीवर धूळ पसरायची, आकडा लिहून भागायचा, बाकी उरली की सगळं पुसून पुढचा भाजक घ्यायचा. त्यातच केस पिकले. एक शास्त्रीबुवा रस्त्यात गाठून विचारायचे, "काय पंत, अजून कुणाशी पत्रिका जुळेना का?" पंत तिथे हसायचे आणि घरी आले की जेवायचे नाहीत. संध्याकाळी ताळा पाहायला मी. आजारपणातही म्हणाले, "अहो, एकवीस हजारांच्या पुढे आलो. शब्द राहणार बहुतेक."

भेटायला येणाऱ्यांना वहिनी तेच सांगत होत्या, की यांचा शब्द कुणाला खोडता आला नाही. तेरावं झाल्यावर मी पंतांच्याच पाटीशी बसलो. प्रेमानं वगैरे नव्हे, एकदाचं संपावं म्हणून. पंत थांबले होते तिथून थोडाच पुढे गेलो, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भागलं आणि बाकी शून्य आली. पुन्हा केलं, शून्यच. पंतांचा असा राग आला म्हणून सांगू... चार दिवस थांबायचं होतं हो!

वहिनींना सांगावं की नाही, या विचारानं जेवण गेलं. शेवटी माजघराच्या दाराशी उभा राहिलो. "वहिनी, पंतांचा आकडा फुटला."

उगीच बोललो, असं झालं.

"भागाकार किती आला?"

"पाच लक्ष तेरा हजार दोनशे एकोणचाळीस."

"त्याला कशानं भाग जातो?"

"पाहिलं नाही."

"मग पाहा की, भावजी. ते असते तर असे उठून आले असते का?"

पुन्हा धूळ पसरली. याला भाग जाणारा लहान आकडा पंतांनाच आधी सापडला असता, हे कळतं, पण इतक्या वर्षांत त्यांच्या भागाकारात आणि माझ्या ताळ्यात एखादी चूक राहिली असली तर? पाठ दुखते, डोळ्यांना पाणी येतं. तीनशेच्या पुढे आलो आहे, अजून प्रत्येक वेळी बाकी उरते. वहिनी आतून रोज विचारतात, मी नाही म्हणतो आणि त्या "बरं" म्हणतात. हा तरी फुटू नये, असं आता मलाच वाटायला लागलंय.