सावडीचे हात

२० जुलै १९६७, गुरुवार. लोणावळ्याच्या खोलीवर मी चपलांचा चिखल सुरीनं खरवडत बसले होते, आणि संताप काही उतरत नव्हता.

पुण्याहून आमचे सर कामगारांच्या गैरहजेरीचा अभ्यास करायला आले होते. मावळातल्या गावांतून कारखान्यात येणारी माणसं भातलावणीच्या दिवसांत कामाला दांडी का मारतात, हा प्रश्न. गावात जाऊन विचारायचं काम माझं.

आदल्याच दिवशी कारखान्यानं काढून टाकलेला एक माणूस मला त्या सकाळी कामशेतच्या पुढे भेटला. शेजाऱ्याच्या खाचरात स्वतःचे बैल घालून चिखलणी करत होता. मी बांधावरून विचारायला लागले तशा रोपं लावणाऱ्या बायका हसल्या. "मावशी, कोरड्यात उभं राहून काय कळनार? उतरा की खाली!"

उतरले.

"मी खाडा केलाच न्हाई, बाई," तो म्हणाला. "ही सावड हाय. आज मी ह्यांच्यात, उद्या ही समदी माज्यात. बैल माज्याबिगर कुनाचं ऐकत न्हाईत. कारखान्यात माल उतरवायला मातूर धाकला भाऊ चालतोय की! माज्या जागी त्याला धाडला. सावडीत घरचं कुनीबी आलं तरी हिशेब फिटतो."

त्या धाकट्या भावानं दिवसभर ट्रकमधला माल उतरवला. कुणाची तक्रार नव्हती. सुटताना हजेरी घेणाऱ्यानं नाव विचारलं, तर त्या पोरानं सरळ स्वतःचंच सांगितलं. झालं! फसवणूक केली म्हणून मोठ्याची नोकरी गेली.

संध्याकाळी मॅनेजर सरांना हे रंगवून सांगत होते. "उद्या माझ्या खुर्चीत मेव्हणा बसवतो, काय?" सर पोट धरून हसले आणि मला म्हणाले, "शिस्तीची जाणीव नाही, असं लिहा."

"फसवणारा स्वतःचं नाव सांगेल का?" मी म्हटलं.

"बाई, तुमचं काम विचारायचं. निष्कर्ष मी काढीन."

निष्कर्ष! खुर्चीवरून न उठता काढलेला. दिवसभर त्या पोराला राबवून घेताना तो कोण, हे कुणी पाहिलं नव्हतं. आणि शिस्त नाही ती गावाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं कामशेतला गेले. धाकट्याला घेऊन परत आले आणि मॅनेजरच्या टेबलापुढे उभा केला. म्हटलं, "तुमचा माल उतरवला तो हा. कामात काय खोट होती, ती याला तोंडावर सांगा. नसेल, तर याच्या भावाला परत घ्या."