खोडलेला ठिपका

चूक माझीच होती, हे आधी लिहून टाकतो. भास, बाधा असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. घडलं तेवढंच सांगतोय.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पुण्यात एका हॉस्पिटलात मी टेक्निशियन होतो. हृदयात फिरणारी तार आतून जिथे टेकेल तिथला ठिपका माझ्या स्क्रीनवर उमटायचा. अशा ठिपक्यांतून हृदयाचा त्रिमितीय नकाशा उभा राहायचा आणि पेसमेकरची तार कुठे बसवायची, ते डॉक्टर त्यावरून ठरवायचे.

त्या दिवशी टेबलावर आमच्या मढ गावचे गुरुजी होते. मला भूगोल त्यांनीच शिकवलेला, नकाशे गिरवून घेत. "सुध्या, कागद हलू द्यायचा नाही. नाहीतर नदी डोंगरावर चढते!" असं म्हणत पाठीत धपाटा घालायचे.

मधेच गुरुजी जोरात खोकले. ज्या पट्टीवरून मशीन जागा मोजायचं, ती पाठीला चिकटवलेली पट्टी सरकली आणि सगळा नकाशाच ढळला. मला दिसलं. पण पुन्हा पहिल्यापासून करायचं म्हणजे तास जाणार, डॉक्टर चिडणार… मी गप्प बसलो. एक ठिपका तर पार बाहेर पडला होता, तो गुपचूप खोडला. तार त्याच नकाशावर बसली. चाचणीत जेमतेम पास झाली.

पंधरा दिवसांनी मढला गेलो. भर दुपार होती. गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, दारातच म्हणाल्या, "बरं झालं आलास, भाऊ. दोनदा चक्कर येऊन पडलं हे. अन् बघ, काय काढीत बसल्यात!"

ओटीवर कॅलेंडरची जुनी पानं पसरली होती. प्रत्येक पानामागे पेन्सिलीने एकच चित्र — माझा नकाशा. मी स्क्रीनवर ठेवला होता त्याच कोनात! आणि स्क्रीन तर काचेपलीकडच्या खोलीत होती, टेबलावरून दिसणं शक्यच नव्हतं.

"हे काय, गुरुजी?"

"काय म्हाईत, लेका. हात आपोआप चालतो."

मग मला ते दिसलं. आकृतीच्या बाहेर, रबराने खोडलेला एक डाग. प्रत्येक पानावर, त्याच जागी.

गुरुजींनी त्या डागावर बोट टेकवलं. "सुध्या, हा ठिपका का खोडलास रे?"

"अरे, च्या तरी घे!" काकू मागून ओरडत होत्या. मी तडक पुण्याची एसटी पकडली.

संध्याकाळी डॉक्टरांना सगळं कबूल केलं. ते खूप बोलले, ते बरोबरच होतं. तीन दिवसांनी तार काढून नव्या जागी बसवली. मशीनवर मी नव्हतो. गुरुजींची चक्कर थांबली.

त्यातलं एक पान अजून माझ्याकडे आहे. साठवलेल्या नकाशाशी ताडून पाहिलं, ठिपक्याला ठिपका जुळतो. आपण असं काही काढल्याचं गुरुजींना मात्र आठवत नाही. मला आजही याचा उलगडा झालेला नाही…

तार बदलल्यावर गुरुजींना घरी सोडायच्या दिवशी काकू पिशवी भरत होत्या. मी कॉटजवळ गेलो, गुरुजींचे पाय धरले.

"गुरुजी, कागद हलला होता. मला दिसलं होतं, तरी मी बोललो नाही. माझं चुकलं… माफ करा."