देवघराची भिंत आणि अण्णांची वायर

ताणलेली वायर अण्णांना खपत नसे. टेलिफोनचे लाइनमन म्हणून पूर्णगडापर्यंतच्या खांबांवर चढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि प्रत्येक टोकाला ते हातभर वेटोळं जादा सोडत. “वायर नि माणूस, दोघांना सूट ठेवावी लागते गो,” म्हणायचे. आम्हा मुलांना ती सूट कधी मिळाली नाही, ही गोष्ट वेगळी.

म्हातारपणी त्यांना पुन्हा वायर हाती घ्यावी लागली ती आईमुळे. आईला विसर पडत चालला होता. आधी नावं गेली, मग माणसं, मग घर. ‘घरी जाते’ म्हणत ती घरातूनच निघायची. दाराला कुलूप घातलं तर कपाळ आपटून घ्यायची. मागच्या दारापासून पाऊलवाट थेट बंद पडलेल्या चिरेखाणीकडे जाते. खाणीला कुंपण नाही आणि आत बारमाही पाणी. मी दिवसभर मिरजोळ्याला कारखान्यात, अण्णांचे गुडघे गेलेले. म्हणून कॅमेरे लावायचं ठरलं.

चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय पोचेना आणि बाहेरून नेलेली वायर माकडांनी आठवड्यात तोडली. मग घरातूनच वायर ओढणं आलं. अण्णांनी कोणाला न बोलावता स्वतः ड्रिल घेतलं. पुढचं दार, पडवी, अंगण झालं. मागच्या दाराकडे जाताना मात्र देवघराची भिंत आडवी आली, थेट आढ्यापर्यंत गेलेली, आणि अण्णा तिथंच थांबले. लग्न होऊन आल्यावर आईनं या घरात एकच हुकूम सोडला होता, देवाच्या भिंतीला खिळा लावायचा नाही. तिथं कधी साधं कॅलेंडर टांगलं गेलं नाही.

मी म्हटलं, तिला आता देवच आठवत नाही, भिंत कुठली आठवणार?

“मला आठवतंय ना,” अण्णा म्हणाले, आणि उरलेल्या वायरचं वेटोळं भिंतीअलीकडे खुंटीला अडकवून मोकळे झाले. मी चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

मग व्हायचं तेच झालं. एका दुपारी अण्णा स्क्रीनसमोर बसले होते. तिन्ही चित्रांत कुणी नाही, म्हणजे आई आत निजली असणार, असं धरून निर्धास्त होते. आई मागच्या दारानं गेली होती. गुरं चारायला गेलेल्या शेजाऱ्याला ती खाणीच्या काठावर, पाय आत सोडून बसलेली दिसली. त्यानं तिला हाताला धरून घरी आणलं आणि मला फोन केला.

मी पोचले तेव्हा अण्णा रडत होते. देवघराच्या भिंतीला ड्रिल लावून उभे होते. ड्रिल घुरघुरलं, तशी आई आतून आली. “देवाच्या भिंतीला भोक पाडतात काय?” पूर्वीच्याच दरडावणीनं ती म्हणाली. कित्येक महिन्यांत ती त्यांच्याशी इतकं नीट बोलली नव्हती.

“नाय गो, नाय पाडत,” म्हणत अण्णांनी ड्रिल खाली ठेवलं. आईनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही कोण?”

दुसऱ्या दिवसापासून अण्णा मागच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले. जेवणसुद्धा तिथंच. मी विनवण्या केल्या, भांडले. “ह्या कॅमेऱ्याला वायर लागत नाय,” म्हणाले. डोळा लागला तरी ती उठल्याचं कळावं म्हणून जुन्या लुगड्याची पट्टी आपल्या आणि आईच्या मनगटाला बांधत, मध्ये हातभर सूट ठेवून. ते पाहिलं की मला घरात शिरवत नसे.

गेल्या थंडीत अण्णा त्या खुर्चीतच गेले. त्यांच्या मनगटाची गाठ आम्ही सोडली, आईनं तिची सोडू दिली नाही.

आता भिंतीला भोक पाडायला मला कुणाची आडकाठी नाही. वेटोळंही खुंटीला आहे, मागच्या दारापर्यंत सहज पुरेल एवढं. पण गरजच उरली नाही. अण्णांना जिवाचं रान करून जे साधलं नाही, ते त्यांच्या जाण्यानं साधलं, आणि त्याचा मला आनंद मानता येत नाही. आई मागच्या दारात बसून असते, मनगटाला पट्टी, तिचं दुसरं टोक मोकळं. जरा बाहेर फिरून येऊ म्हटलं तरी उठत नाही.

“हे येतील ना,” म्हणते, “घरात कुणीतरी हवं.”