भैरवनाथाचं उजवं फूल

लघवीतून रक्त जात होतं, पण दुखत काहीच नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो. धोतरावरचा डाग धुताना बायकोच्या लक्षात आलं. डॉक्टर म्हणाले, मूत्राशयात दुर्बीण घालून पाहावं लागेल. मला ते नकोच होतं. त्या आठवड्यात भैरवनाथाच्या पूजेची पाळी आमच्या घराकडे होती. म्हटलं, कौल लावतो. नाथ सांगेल तसं करू.

बायको देवळाच्या पायरीवर थांबली. आत मी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर जा, डावं पडलं तर नको. उजवं फूल अलगद सुटून खाली आलं. मी ते उचललं, बाहेर आलो आणि म्हणालो, "देव नको म्हणतोय." जन्मभर ज्याच्यापुढे डोकं टेकलं, त्याच्या तोंडी मी माझी भीती घातली.

नांदे गावातल्या आमच्या खोलीत नांदेडची एक मुलगी भाड्याने राहते, हिंजवडीत नोकरी करते. दोन दिवसांनी ती आली. "काका, देवानं दुर्बिणीला नको म्हटलंय ना? लघवी तपासायला कुठं नको म्हटलंय?"

"द्या की बाटलीभर," बायको म्हणाली. "तेवढ्यानं नाथ काय रुसत न्हाई."

हसून दिली. लघवीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या. डॉक्टरांनी समजावलं, की ही गाठ रक्ताच्या तपासणीत सहसा कळत नाही. तिच्या पेशी लघवीत उतरतात, पण खात्री दुर्बिणीनेच होते. मग गेलो. गाठ लहान होती, वरच्या थरातच होती, दुर्बिणीतूनच काढली. अजूनही ठरल्या वेळी दोन्ही तपासण्या करतो.

दुर्बिणीचं बाहेर कुणाला बोललो नव्हतो, त्यामुळे गावात मात्र झालं, की देवाचं ऐकून थांबला म्हणून अंगाऱ्याने बरा झाला. मीही ते खोडलं नाही. परवा कळलं, की माझा चुलतभाऊ रक्त जात असूनही माझंच उदाहरण देऊन घरी बसलाय. मग राहवेना. आधी बायकोला सगळं सांगितलं.

ती भाकरी थापतच म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं. कौल खरा असता तर तुमी माज्याकडं बघून बोलला असता. म्हणून तर त्या पोरीला धाडली."

मला वाटलं होतं, नाथाचं मी ऐकलं नाही. त्याने आपलं सांगणं दुसऱ्या दाराने माझ्यापर्यंत पोचवलं होतं.

संध्याकाळी आरतीनंतर सर्वांसमोर खरं सांगितलं. "लई खोटारडा हायेस," चुलतभाऊ म्हणाला. "आता उद्या कुटं जायचं ते सांग."

कुणीतरी म्हणालं, त्याच्यासाठी एकदा कौल लावून बघू. मी हात जोडले. नाथाने एकदा सांगितलं होतं, तेवढं आम्हा दोघांना पुरे होतं.